महाडचा दावा दहा वर्षे चालला : नव्या वकिलांसाठी जनहित फेलोशिप आणि रायगडचा किनारा

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्याकडे शाळकरी मुलालाही पाठ असते. १७ मार्च १९३७ ही तारीख विचारली तर मात्र भलेभले कार्यकर्ते अडखळतात. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्यात शेवटचा निकाल दिला आणि सवर्ण वादींचे अपील फेटाळले. तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला एक दिवस लागला. ते घेण्याचा हक्क न्यायालयात शाबीत व्हायला जवळपास दहा वर्षे लागली.

वकिलीत नव्याने आलेल्या आपल्या मुलामुलींनी या दहा वर्षांचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तो तिनेच ४ ऑगस्ट १९२७ रोजी रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद भरणार हे पक्के झाल्यावर १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब करावा लागला, त्यामागे हा हुकूम होता. तो उठला २३ फेब्रुवारी १९२८ रोजी. महाडच्या न्यायालयाचा निकाल ८ जून १९३१ ला लागला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा १९३३ मध्ये आणि उच्च न्यायालयाचा १९३७ मध्ये. तिन्ही ठिकाणी निकाल आपल्या बाजूने. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. तशी रूढी पुराव्याने सिद्ध होत नाही, असे उच्च न्यायालयाने ठरवले. घोषणांनी हा मुद्दा सुटला नसता. त्याला साक्षी लागल्या, नकला लागल्या, तारखेला हजर राहणारी माणसे लागली.

आणि या काळात बाबासाहेबांचे घर कशावर चालत होते? कोलंबियातले शिक्षण सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर झाले होते. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे पैसेवाला पक्षकार सहजी वळत नव्हता. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते आणि १९२८ मध्ये सरकारी विधी महाविद्यालयात अर्धवेळ प्राध्यापक झाले. महाडचा दावा लढवला जात असताना त्यांना शिकवण्याच्या पगाराचा आधार घ्यावा लागत होता. जनहिताची वकिली करणाऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न म्हणजे आजची फेलोशिप. प्रश्न नवा नाही, नाव तेवढे नवे आहे.

फेलोशिप म्हणजे नेमके काय

शब्दांचा घोळ आधी मिटवू. शिष्यवृत्ती शिकण्यासाठी असते. इंटर्नशिप विद्यार्थी असताना काही आठवड्यांची असते. ज्युनियरशिप म्हणजे सनद मिळाल्यावर एखाद्या सिनियरच्या हाताखाली काम शिकणे. जनहित फेलोशिप या तिन्हींहून वेगळी. सनद नवी, अनुभव थोडा, अशा वकिलाला ठरावीक मुदतीसाठी दरमहा मानधन दिले जाते आणि त्या बदल्यात तो फी देऊ न शकणाऱ्या लोकांची प्रकरणे हाती घेतो. सोबत प्रशिक्षण मिळते, देखरेखीला अनुभवी वकील असतो, आणि कामाचा अहवाल द्यावा लागतो. मुदत बहुधा एक ते दोन वर्षांची असते.

याची गरज ज्याने तालुका न्यायालयाच्या बार रूममध्ये पहिली दोन वर्षे काढली आहेत त्याला समजावून सांगावी लागत नाही. सकाळी सिनियरची बॅग, दुपारी नकलांचा अर्ज, संध्याकाळी टायपिंग, आणि महिनाअखेर हातात कधी एसटीच्या भाड्यापुरते, कधी तेवढेही नाही. ज्याच्या घरी आधीपासून वकिली आहे त्याला वडिलांचे पक्षकार, वडिलांचे कपाट, वडिलांची खुर्ची मिळते. बौद्धवाडीतून पहिल्यांदा कोट घालून निघालेल्या मुलीला यातले काहीच मिळत नाही. दुसऱ्या वर्षी ती बँकेची किंवा विमा कंपनीची जाहिरात पाहू लागते. तिला दोष देणाऱ्यांनी तिचे घरभाडे एकदा भरून पाहावे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे परिपत्रक काढले. ते शिफारस म्हणून आहे, सिनियरवर बंधन नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा ५,००० रुपये देण्याची योजना सुरू केली होती. कर्नाटकात समाजकल्याण विभाग अनुसूचित जातीच्या विधी पदवीधरांना प्रशिक्षण काळात विद्यावेतन देतो. आपल्या संघटनांनी महाराष्ट्र सरकारपुढे मागण्या ठेवताना ही दोन उदाहरणे हाताशी ठेवावीत.

आता पहिल्या तीन वर्षांना आणखी वजन आले आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. पदवी घेतल्या घेतल्या परीक्षा देऊन न्यायाधीश होण्याचा रस्ता त्यामुळे बंद झाला. ज्यांच्याकडे तीन वर्षे कमाईशिवाय काढण्याची ऐपत नाही, त्यांच्यावर ही अट सर्वांत जड पडणार आहे. न्यायदानाच्या खुर्चीवर आपली माणसे हवीत असे आपण व्यासपीठावरून म्हणतो, तेव्हा या तीन वर्षांचा खर्च कोण करणार हेही त्याच व्यासपीठावरून सांगायला हवे.

रायगडात काम कुठे आहे

पूर्वीचा कुलाबा, १९८१ पासून रायगड. तालुके पंधरा. जिल्हा न्यायालय अलिबागला, दक्षिणेकडच्या तालुक्यांचे सत्र खटले माणगावला, उत्तरेचे पनवेलला. श्रीवर्धनच्या एखाद्या बौद्धवाडीतील फिर्यादी बाईला माणगावची तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे भाडे. तारीख पडली की दोन्ही पाण्यात.

पहिले काम अर्थातच अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे. १९८९ चा हा कायदा २०१५ च्या दुरुस्तीने बराच बळकट झाला. त्यातले कलम १५ अ नव्या वकिलाने तोंडपाठ करावे. जामीन, दोषमुक्ती, शिक्षा अशा प्रत्येक टप्प्यावर पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात दिला आहे. ही नोटीस आणि सुनावणी सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात स्पष्ट केले. सामाजिक संस्था, कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घेण्याचा हक्कही पीडिताला याच कलमात आहे. सरकारी वकील शासनाचा असतो आणि त्याच्यासमोर फाइलींचा ढीग असतो. पीडिताच्या बाजूने रोज उभा राहणारा, साक्षीदारावर गावातून दबाव येतोय हे वेळेत न्यायालयाच्या नजरेस आणणारा वकील वेगळाच लागतो. फेलोचे पहिले काम हेच. यात मोठे वक्तृत्व लागत नाही. प्रत्येक तारखेला हजर राहावे लागते, बस्स.

दुसरे काम जमिनीचे. किनाऱ्यावर जमिनीचे भाव चढले आहेत, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यावर मुंबईकर आणखी जवळ आला आहे. आपली निम्मी घरे मुंबईत, गावचे घर बंद, सातबारावर आजोबांचे नाव आणि वारसनोंद राहून गेलेली. अशा जमिनीवर एका भावाच्या सहीने कुलमुखत्यारपत्र होते आणि बाकीच्यांना कुंपण पडल्यावरच कळते. जिथे महार वतनाच्या जमिनी आहेत तिथे १९५८ चा वतन निर्मूलन कायदा पाहावा लागतो. पुन्हा प्रदान केलेली अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. जिथे खोताची कुळे होती तिथे १९४८ चा कूळकायदा आणि इतर हक्कातल्या जुन्या नोंदी पाहाव्या लागतात. या मातीत त्या नोंदींनाही इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून जवळपास सहा वर्षे चालला, नारायण नागू पाटील यांनी तो चालवला, आणि बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. आगरी कूळ आणि महार कूळ यांचा वैरी तेव्हा एकच होता, हे आजच्या तरुणांना सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते.

तिसरे, वाळीत टाकणे. गावकीच्या बैठकीतून कुटुंबावर बहिष्कार घालण्याच्या तक्रारींनी रायगड जिल्हा राज्यभर गाजला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१७ मध्ये अंमलात आला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. वाळीत टाकलेल्यांत अनेकदा आगरी, कोळी, कुणबी कुटुंबेही असतात. आपल्या वकिलाने ती प्रकरणेही घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कातकरी वाड्यांचे दळी जमिनीचे दावे, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील अर्ज, तळोजा आणि अलिबागच्या तुरुंगातले कच्चे कैदी, हेही आहेच. आणि समुद्र आहे. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना एकूण ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. ही रक्कम जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्यावर बसवली गेली. असा आदेश मिळाला की वसुलीची आणि वरच्या न्यायालयांची दुसरी लढाई सुरू होते, तिथेही माणूस लागतो.

आधी सनद

फेलोशिपचा अर्ज करण्याआधी कागद नीट हवेत. ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार प्रकरणातील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांच्या मनमानी नोंदणी शुल्काला लगाम घातला. वकील कायद्यानुसार नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये, त्याहून जास्त नाही. निकालाआधी भरलेले जादा पैसे परत मिळत नाहीत, पण आता कोणी वेगळ्या नावाखाली अट म्हणून जादा रक्कम मागत असेल तर हा निकाल दाखवा.

इथे बौद्ध उमेदवारांची नेहमीची अडचण येते. शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचे हक्क केंद्राच्या पातळीवर मान्य झाले, पण त्यासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेले, योग्य नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याच्या आणि केंद्राच्या नमुन्यांत फरक आहे. दोन्ही काढून ठेवा. ज्या नावाने दीक्षा घेतली ते अभिमानाने सांगावे आणि ज्या कागदाने हक्क मिळतो तो कागदही जवळ बाळगावा, यात विसंगती नाही.

नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणारा माणूस कोणाचा पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही. म्हणून फेलोशिपच्या करारात ‘वेतन’ आहे की ‘मानधन’, न्यायालयात स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करता येईल की नाही, हे सही करण्याआधी वाचा. शंका असेल तर लेखी विचारा. न्यायाधीश परीक्षेसाठी वकिलीची तीन वर्षे दाखवायची झाली तर तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ धरला जातो, आणि दहा वर्षे जुन्या वकिलाचे प्रमाणपत्र न्यायिक अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह लागते. पहिल्या दिवसापासून डायरी ठेवा आणि नाव असलेल्या वकीलपत्रांच्या प्रती जपून ठेवा.

आज कोणती दारे उघडी आहेत

सरकारी दार सर्वांत जवळचे आहे आणि तेच आपण सर्वांत कमी ठोठावतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. याच व्यवस्थेत २०२२ पासून लोक अभिरक्षक कार्यालये उभी राहिली. आरोपींच्या बचावासाठी तिथे पूर्णवेळ वकील नेमतात, त्यांना खाजगी वकिली करता येत नाही. सहायक लोक अभिरक्षक हे पद तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेल्यांसाठी आहे, म्हणजे अगदी नव्या सनदेलाही इथे जागा आहे. नेमणूक कराराची असते, जाहिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण काढते. प्राधिकरणाच्या पॅनलवर येण्यासाठी मात्र साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात. सनद मिळेपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. पोलीस ठाणे आणि तहसील कार्यालय आतून कसे चालते ते तिथे कळते.

लोक अभिरक्षक आरोपीचा वकील असतो, म्हणून काही कार्यकर्ते नाक मुरडतात. अत्याचाराच्या खटल्यातही तुम्हाला आरोपीकडून उभे राहावे लागले तर? प्रश्न खरा आहे आणि मुलाखतीआधीच स्वतःला विचारून घ्यावा. पण तुरुंगात वर्षानुवर्षे पडून असलेला कच्चा कैदी कोणत्या वस्तीतला असतो हेही पाहावे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला असेल तर, काही गुन्हे वगळता, त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. ती मागायला कोणी गेले नाही तर कागदावरच राहते.

तुरुंगाच्या कामात महाराष्ट्रात चांगली परंपरा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी, तुरुंग आणि न्यायालये यांच्यात काम करतो. तिथे समाजकार्यकर्ता आणि वकील जोडीने बसतात. प्रोजेक्ट ३९ए या गटाने पुणे आणि नागपूरच्या तुरुंगांसाठी ‘फेअर ट्रायल’ फेलोशिप चालवली, तो गट आता स्क्वेअर सर्कल क्लिनिक या नावाने काम करतो. १९८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले ह्यूमन राइट्स लॉ नेटवर्क नव्या वकिलांना जनहित याचिकांचे काम शिकवते. २०२१ मध्ये सुरू झालेले सीईडीई हे वंचित समाजांतील वकील आणि विधी विद्यार्थ्यांचे जाळे. पहिल्या पिढीच्या वकिलाला सिनियर आणि संधी मिळवून देणे हे त्याचे मुख्य काम. अशा वकिलांच्या हातून काय होते ते ३ ऑक्टोबर २०२४ ला दिसले. तुरुंग नियमावल्यांमधील जातीवर आधारित कामवाटप सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. याचिका मुंबईच्या एका महिला पत्रकाराची होती.

सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात न्यायमूर्तींचे विधी लिपिक म्हणून वर्षभर काम करता येते. मानधन चांगले, आणि हा काळ न्यायाधीश परीक्षेच्या तीन वर्षांत धरला जाईल असे २०२५ च्या त्याच निकालात म्हटले आहे. दिल्लीची लॅम्प फेलोशिप खासदाराच्या हाताखाली संसदेचे काम शिकवते. उपयोगी आहे, पण ती न्यायालयाची नव्हे. पुण्याच्या बार्टीच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवा. बाकी मुदती आणि रकमा दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्या चालू जाहिरातीतच पाहाव्यात. पुढे पाठवलेल्या व्हॉट्सअॅप संदेशावर विसंबून अर्ज चुकवणारे दर वर्षी भेटतात.

अर्जाबद्दल एकच सांगतो. बहुतेक अर्ज इंग्रजीत आणि त्यात ‘तुम्हाला हे काम का करायचे आहे’ हा प्रश्न. आपली मुले तिथे घटनेची उद्देशिका आणि बाबासाहेबांचे विचार लिहितात. निवड करणाऱ्याने ते शंभर अर्जांत वाचलेले असते. त्याऐवजी लिहा : आमच्या तालुक्यातील अमुक वाडीच्या स्मशानाची वाट तीन वर्षे अडवली आहे, मामलेदाराकडे अर्ज झाला, पुढे काय झाले, आणि मी दोन वर्षांत काय करीन. इंग्रजी कच्चे असेल तर एखाद्याकडून तपासून घ्या. लाजू नका. तालुका न्यायालयाचे काम मराठीत चालते, सातबारा मराठीत आहे, आणि साक्षीदार बाई आगरी बोलीत काय म्हणाली हे दिल्लीहून आलेल्या फेलोला कळणार नाही. ही तुमची बाजू भक्कम आहे, ती अर्जात दिसू द्या.

शार्लटचा वकील

या सगळ्या फेलोशिपांत एक उणीव आहे. त्या मुंबई, पुणे, दिल्लीत आहेत. श्रीवर्धनचा हुशार मुलगा तिथे जातो, चांगला वकील होतो आणि तिथेच राहतो. त्याचा फायदा समाजाला होतोच, पण माणगावच्या न्यायालयातली खुर्ची रिकामी राहते.

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चळवळीपुढे हाच पेच होता. नॉर्थ कॅरोलिनातील माउंट गिलियड या लहान गावात ज्युलियस चेंबर्स या मुलाच्या वडिलांचे गाड्या दुरुस्तीचे दुकान होते. एका गोऱ्या गिऱ्हाइकाने दुरुस्तीचे पैसे बुडवले आणि वडिलांची बाजू घ्यायला एकही वकील तयार झाला नाही. मुलाने तेव्हाच वकील व्हायचे ठरवले. १९६३ मध्ये एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड या संस्थेने नव्या वकिलांना न्यूयॉर्कमध्ये वर्षभर शिकवून दक्षिणेत आपल्या भागात परत पाठवण्याची योजना सुरू केली, त्यात चेंबर्स पहिले. १९६४ मध्ये त्यांनी शार्लट शहरात कार्यालय उघडले. १९६५ मध्ये त्यांच्या गाडीत आणि घरावर बॉम्बस्फोट झाले. १९७१ मध्ये त्यांनीच चालवलेल्या शार्लटच्या शाळांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना बसने दूरच्या शाळेत नेण्याची योजना वैध ठरवली. खटला आठवड्याला एकदा विमानाने येणाऱ्या वकिलाने लढवला नव्हता. त्याच गावात राहणाऱ्याने लढवला होता.

तालुक्याची फेलोशिप

तशी व्यवस्था रायगडात करता येईल का? आकडे मांडू. ग्रामीण भागासाठी बार कौन्सिलने सुचवलेले १५,००० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ८० हजार, तीन वर्षांना ५ लाख ४० हजार होतात. एका तालुक्यातील पाचशे घरांनी महिन्याला तीस रुपये दिले की १५,००० जमतात. बौद्धजन पंचायत समितीच्या गाव शाखा आणि मुंबई मंडळे यांची वर्गणीची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. विहाराच्या बांधकामाला, जयंतीच्या मिरवणुकीला आपण याहून मोठ्या रकमा उभ्या केल्या आहेत. डीजेच्या एका रात्रीचे भाडे किती होते ते मंडळाच्या खजिनदाराला विचारा, मी इथे लिहीत नाही.

शिकण्याची जागाही दूर नाही. अलिबागला अ‍ॅड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे, नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे, आणि मुंबईत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे १९५६ चे सिद्धार्थ विधी महाविद्यालय. तिथून निघालेल्या वकिलांपैकी कोणी उच्च न्यायालयात आहे, कोणी निवृत्त न्यायाधीश आहे. पहिले वर्ष अशा एखाद्या सिनियरकडे मुंबईत आणि पुढची दोन वर्षे माणगाव किंवा अलिबागला, अशी वाटणी करता येईल. निवृत्तांना सत्कार पुष्कळ मिळतात. त्यांच्याकडून महिन्यातून दोन शनिवार मागावेत.

पैसे जमवण्यापेक्षा अवघड आहे तो फेलोला मोकळा ठेवण्याचा भाग. वर्गणी देणारा अध्यक्ष उद्या म्हणेल, माझ्या पुतण्याची केस आधी घे. किंवा, समोरचा आपल्या पक्षाचा आहे, जरा सबुरीने. म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी कागदावर याव्यात. कोणती केस घ्यायची हे फेलो आणि देखरेख करणारा सिनियर ठरवतील, शाखेचा पदाधिकारी नाही, आणि पक्षकाराची माहिती समितीलाही उघड होणार नाही, कारण वकिलाला ते बंधन आहे. मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत जमा होईल, कार्यक्रमात पाकिटातून नाही, आणि जमाखर्च दर सहा महिन्यांनी विहाराच्या फलकावर लागेल. मुलगी फेलो असेल तर प्रवासाचा खर्च आणि तालुक्याच्या ठिकाणी राहण्याची सोय वेगळी धरावी. अनेक मुलींची वकिली संध्याकाळच्या शेवटच्या एसटीपाशी थांबते.

तिसरी गोष्ट मुदतीची. तीन वर्षांनी फेलो न्यायाधीशाच्या परीक्षेला बसेल, किंवा स्वतःचे कार्यालय उघडेल, किंवा मुंबईला जाईल. त्याला अडवू नये, आणि ‘समाजाने शिकवले आणि पळाला’ असे बोलू नये. त्याच्या फाइली, साक्षीदारांची यादी आणि पुढच्या तारखांची वही पुढच्या फेलोच्या हाती देण्यासाठी शेवटचे दोन महिने राखून ठेवावेत. नव्या फेलोची निवड तेवढ्यात होऊन जायला हवी.